केमोनंतर आजींचा तोल जातोय: वॉकर आणायचा, की आधी दुसरं काही बघायचं?

परिचारिका_विजापूर रोड

घरी जाऊन रुग्णसेवा करते. सध्या ज्या आजींकडे आहे त्यांचं वय ७२, वजन ५२ किलो, मधुमेह जुना. डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्यात. त्यानंतर दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे १२ डोस झाले. आजार आटोक्यात आहे, पण पाय भरवशाचे राहिले नाहीत. तळवे बधिर आहेत, गादीवरून चालल्यासारखं वाटतं म्हणतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. आग किंवा ठणका मात्र नाही.

केमो संपल्यावर दोनदा पडल्या. एकदा न्हाणीत डोक्यावरून पाणी घेताना, एकदा पहाटे उठून संडासकडे जाताना. हाड वाचलं.

औषधं: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी, प्रीगाबॅलिन ७५ सकाळ-रात्र, झोपेसाठी क्लोनाझेपाम.

घर पेठेतलं जुनं, दगडमातीच्या भिंतींचं. खाली शहाबादी फरशी, न्हाणीला चार इंचाचा उंबरा, संडास भारतीय पद्धतीचा. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बोळात पिंप आणि हंडे, पाण्याच्या दिवशी आडवा पाइप.

मुलगा म्हणतो वॉकर आणू. सूनबाई म्हणतात महिनाभर उठूच द्यायचं नाही. मला दोन्ही पटत नाही, पण घरच्यांना कारणासकट सांगता यायला हवं. व्यायाम कोणते, घरात काय बदलायचं, काठी की वॉकर?

फिजिओ_सात रस्ता

ताई, सूनबाईंचं आधी बघू, कारण तेच सगळ्यात घातक ठरेल. धडधाकट म्हाताऱ्या माणसाला नुसतं १० दिवस झोपवून ठेवलं तरी पायांचा स्नायू किलोभर घटतो. आजींनी तर केमो सोसलाय. महिनाभर झोपून उठतील तेव्हा मांडीत उभं राहण्याचाच जोर उरणार नाही, आणि पहिल्या आठवड्यात पुन्हा पडतील.

आता त्या दोन पडण्यांकडे बघा. "अशक्तपणा आहे, पडणारच" असं घरचे म्हणत असतील, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती वेळ-जागेवरूनच कळतात.

तोल सांभाळायला शरीराकडे तीन खबरे असतात: डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यातली संवेदना. पॅक्लिटॅक्सेल आणि मधुमेह या दोघांनी मिळून तळपायाची खबर बंद केली आहे. ते काम आजींचे डोळे करतायत. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले, दुसरी खबरही बंद झाली, आणि खाली ओली फरशी. म्हणून पडल्या. हे तपासायचं असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात, पाठीमागे दोन्ही भिंती येतील असं उभं करा, समोर तुम्ही. पावलं जुळवून उघड्या डोळ्यांनी ३० सेकंद, मग मिटलेल्या डोळ्यांनी. उघड्या डोळ्यांनी स्थिर आणि मिटल्यावर लगेच झोक, म्हणजे संवेदनेचा प्रश्न पक्का. अशा माणसाने उभ्याने अंघोळ करायचीच नाही. स्टुलावर बसून, आणि केस धुताना एक हात दांडीवर.

हाच धोका देवघरात असतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. डोळे मिटून उभ्याने नमस्कार, मग स्वतःभोवती प्रदक्षिणा! डोळे मिटणं आणि गोल फिरणं एकत्र. आजींना खुर्चीवर बसून हात जोडायला सांगा. सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या तरी तेच, आणि पायऱ्यांवर तुमचा हात धरूनच.

पहाटेचं पडणं निराळं. तिथे अंधार आहेच, पण बीपी, साखर आणि झोपेची गोळी, तिघेही संशयित आहेत. त्यामुळे हे मोजा:

बीपी: ५ मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं केल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. पट्टा उजव्या दंडालाच बांधा, डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात. प्रत्येक वेळी नाडीचा आकडाही लिहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष धरायचा. पहाटे, गोळ्या घेण्याआधी एकदा आणि गोळीनंतर दोन तासांनी एकदा, असं दोन्ही वेळा करा. दुपारी निवांत बसलेल्या माणसाचं बीपी घेऊन "नॉर्मल आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही.

साखर: पहाटे उठतात त्याच वेळी ग्लुकोमीटरने.

चालणं: खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात.

मांडीचा जोर: हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठ-बस होते ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी म्हणजे कमकुवत. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य धरायचं.

आकडे इथे टाका, मग बोलू.

औषधपेठ

फार्मासिस्ट आहे. यादी वाचून चार गोष्टी खटकल्या. एकही गोळी स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत हे प्रश्न लिहूनच न्या.

ग्लिमेपिराइड: केमोनंतर जेवण अर्ध्यावर येतं, गोळीचा डोस मात्र जुनाच चालू राहतो. रात्री अर्धी भाकरी खाल्ली आणि गोळी पूर्ण गेली की पहाटे साखर उतरते. ७० च्या खाली आकडा आला तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

प्रीगाबॅलिन: ही ठणक्यावरची गोळी आहे. गेलेली संवेदना ती परत आणत नाही. आजींना आग किंवा दुखणं नाही, नुसता बधिरपणा आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग ती कशासाठी चालू आहे हे विचारायलाच हवं, कारण गुंगी आणि झोक जाणं हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम. बंद करायची ठरली तरी हळूहळू, निदान आठवडाभरात उतरवत आणतात.

क्लोनाझेपाम: रात्री दहाला घेतलेली गोळी पहाटे चारलाही अंगात असते. हीसुद्धा एकदम तोडायची नाही.

बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे पाणी आणि सोडियम बाहेर काढतो. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीपार, त्यात आजी पाणी कमी पीत असतील. बीपी उभ्याने टिकणार कसं?

आणखी एक, बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं, शाकाहारी घरात जास्तच. त्यानेही पाय बधिर होतात, आणि हे कारण भरून काढता येतं. सगळा दोष केमोवर टाकून ही तपासणी राहून जाते.

परिचारिका_विजापूर रोड

मोजलं. पहाटे झोपून १४२/८४, नाडी ७८. उभं केल्यावर १ मिनिटाने ११८/७६, नाडी ८१. ३ मिनिटांनी ११४/७४, नाडी ८२, "डोळ्यापुढे अंधारी येते" म्हणाल्या. गोळीनंतर दोन तासांनी घेतलं तेव्हाही साधारण तेवढंच उतरलं. पहाटेची साखर ८८. चालायला १९ सेकंद. उठ-बस ६ वेळा. कोपऱ्यातल्या चाचणीत डोळे मिटल्या मिटल्या मागे झोक गेला.

फिजिओ_सात रस्ता

नाडी लिहिलीत हे फार बरं केलंत. बीपी २८ ने उतरलं आणि नाडी फक्त ४ ने वाढली. नुसतं पाणी कमी पडलं असतं तर नाडी बरीच धावली असती. इथे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आणि नाडी वाढवणाऱ्या नसाच सुस्त झाल्यात असं दिसतं, मधुमेहात हे होतं. डॉक्टरांना हे सहाही आकडे दाखवा, नुसतं "चक्कर येते" म्हणू नका.

तोवर घरी: जाग आली की लगेच उठायचं नाही. पडल्या पडल्या घोटे वर-खाली २० वेळा. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून २ मिनिटं बसायचं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर दोन पेले साधं पाणी बसल्या बसल्या भराभर प्यायचं. अशा रुग्णांत त्याने काही मिनिटांत बीपी सावरतं. मग पलंगाला धरून उभं राहायचं, १० आकडे मोजायचे, अंधारी आली तर परत बसायचं. कढत पाण्याची अंघोळ आणि पोटभर जेवण यांनीही बीपी उतरतं, तेव्हा पाणी कोमट आणि जेवण थोडं थोडं. पहाटेची संडासची वारी टाळायला पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा. घरच्यांना कमीपणा वाटतो, पण खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा ते बरं.

व्यायाम. आधी सांगतो कधी करायचे नाहीत: ताप, छातीत दुखणं, नव्याने सुरू झालेली हाडाची वेदना, किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली. ताजा रिपोर्ट बघूनच सुरू करा.

जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. पुढे ओटा, मागे जड लाकडी खुर्ची, प्लास्टिकची नको, ती सरकते. ओटा कोरडा, गॅस बंद, पायात मागे पट्टा असलेली चप्पल.

उठ-बस मुख्य. खुर्ची भिंतीला टेकवा. ६ वेळाच जमतंय म्हणजे बैठक खाली आहे. सोलापुरी चादर घडी करून बसकेवर घाला, दोन-अडीच इंच उंची वाढते आणि चादर जाड असल्याने फारशी दबत नाही. घडी दोरीने खुर्चीला बांधा. ५ उठ-बशी, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ५. खाली बसताना तीन आकडे मोजत सावकाश, धपकन बसलं की व्यायाम वाया. हाताशिवाय १० सहज जमल्या की चादर काढा.

ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणं १०, चवडे उचलणं १०. चवड्यांचा व्यायाम आजींना जास्त गरजेचा, कारण चवडा उचलला जात नाही म्हणूनच पाऊल चादरीच्या काठाला आणि उंबऱ्याला अडकतं. ओट्याला धरून बाजूला १० पावलं जाऊन यायचं. मग तोलाचे: पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत. प्रत्येक स्थिती १० सेकंद स्थिर जमली तरच पुढची. दोन हातांवरून एक हात, एका हातावरून दोन बोटं, असा आधार कमी करायचा, एकदम सोडायचा नाही. ही चढण न्यूझीलंडच्या ओटॅगो पद्धतीतली आहे. तिथे आठवड्यातून तीनदा करतात, शक्ती आली की घोट्याला वजन बांधतात. अर्ध्या किलोपासून सुरुवात करा, पण पहिला महिना वजनाशिवाय. मधुमेहात बधिर पाय म्हणजे घोट्याला बांधलेला पट्टा रुतला तरी कळणार नाही, म्हणून वजन सोडल्यावर कातडी बघायची.

नेहमी चुकतं ते असं: घरचे सगळे व्यायाम बसून किंवा झोपून करून घेतात, कारण सुरक्षित वाटतात. त्याने थोडी ताकद येते, तोल येत नाही. तोल फक्त उभ्याने, थोडंसं डगमगूनच शिकला जातो.

आणि ताकद अन्नाशिवाय येत नाही. ५२ किलोला दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील, मूत्रपिंड ठीक असेल तर. अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅम. तोंड आलेलं असेल तर शेंगाची चटणी बिनतिखटाची करून ताकात कालवा.

मिस्त्री_अशोक चौक

दांडीचं मी सांगतो, कारण ह्यातच लोक फसतात. टॉवेलची दांडी ती धरायची दांडी नव्हे. रबरी चोषकावर (सक्शन कपवर) चिकटणारी तर आणूच नका, टाइलवर बाष्प धरलं की सुटते, आणि सुटते ती नेमकी माणसाने भार दिल्यावर.

दांडी स्टेनलेस ३०४ ची, ३२ मिमी जाड, भिंतीपासून दीड इंच सुटी. फट जास्त ठेवली तर हात घसरून कोपर आत अडकतं. दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूची चकती.

भिंत बघूनच फास्टनर. पक्क्या ९ इंची विटेत १० मिमी अँकर (भोकात फुगून आवळणारा बोल्ट) चालतो, विटेच्या मध्यावर, सांध्यात नाही. साडेचार इंचीला आरपार बोल्ट काढा, पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट. जुळे सोलापूरकडच्या नव्या फ्लॅटात हलक्या ब्लॉकची भिंत असते, तिथेही आरपारच, साधा अँकर भुगा करून बाहेर येतो. टाइल आधी ठोकून ऐका, पोकळ वाजली तर तिथे भोक नको. भोक पाडताना टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद.

तुमच्या आजींचं घर दगडमातीचं. ह्या भिंतीवर माझा विश्वास नाही. दगड पक्का, पण मधली माती वर्षानुवर्षं ओल खाऊन सुटलेली असते. तिथे जमिनीतून खांब उभा करा. शहाबादी फरशीवर नुसती बेसप्लेट ठोकू नका, खाली मुरूम आहे, फरशीच उपटून येईल. एक फरशी काढा, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा, त्यात दीड इंची स्टेनलेस पाइप घालून काँक्रीट भरा. सात दिवस पाणी मारा, तोवर कोणी हात लावायचा नाही. पाइपला आडवा हात जोडा, उंची जमिनीपासून ३३ इंच, आजींना उभं करून मनगटाशी जुळवा. झाल्यावर मिस्त्रीला स्वतःला लोंबकळायला सांगा. तो तयार नसेल तर काम कच्चं आहे.

न्हाणीचा उंबरा तोडता येत नसेल तर काठाला पिवळा पट्टा रंगवा. शहाबादीवरचा साबणाचा थर दर आठवड्याला धुण्याचा सोडा आणि खराट्याने काढा. खाली भोकाची रबरी चटई, टॉवेलची घडी किंवा गोणपाट नको, ओलं झालं की दोन्ही सरकतात.

दार! न्हाणीचं दार आत उघडत असेल तर ते आधी बदला. माणूस आत पडला की अंगाने दार दाबून धरतो आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. बिजागरी फिरवून बाहेर उघडणारं करा, आतली कडी काढून टाका.

संडासावर ठेवायची कमोड खुर्ची घेताना पुढचे पाय भांड्याच्या पायदानावर येतात का बघा. एक पाय वर, तीन खाली, अशी खुर्ची डुलते. पाय कमी-जास्त करता येणारी घ्या. बोळातला पाइप भिंतीच्या कडेने क्लिपात बसवा, आणि पिंपं सगळी एकाच बाजूला, म्हणजे दुसऱ्या बाजूची भिंत हाताला मोकळी राहते.

होटगी रोड

वॉकर घ्याच असं माझं मत. चार पायांचा, भरवसा जास्त.

फिजिओ_सात रस्ता

सगळ्यांसाठी नाही. चार इंचाचा उंबरा आणि हंड्यांची बोळ असलेल्या घरात वॉकर दर दहा पावलांना उचलावा लागतो, आणि तो उचलून पलीकडे ठेवण्याच्या क्षणीच माणूस निराधार असतो. शिवाय उठताना त्याला ओढून धरतात आणि तो अंगावर येतो. आजींना साधी काठी द्या. बधिर पायाच्या माणसाला काठी आधारापेक्षा खबर म्हणून उपयोगी पडते, जमीन कुठे आहे ते हाताला कळतं. चप्पल घालून उभ्या असताना मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, कोपर किंचित वाकलेलं. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला. काठी उजव्या हातात धरायची, म्हणजे डाव्या, ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर रोजचा भार येणार नाही. खूपच डगमगत असतील आणि घर सपाट असेल तर वॉकर बरोबर, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

घरात अनवाणी नको. मऊ जाड स्पंजची चप्पलही नको, तिने उरलीसुरली संवेदनाही झाकली जाते. पातळसर, टणक तळ, मागे पट्टा, वेल्क्रो. साडी घोट्याच्या वर दोन बोटं.

परिचारिका_विजापूर रोड

दांडी आणि दाराचं मुलाला दाखवलं, मिस्त्री बोलावतोय. डॉक्टरांची भेटही ठरली. शेवटचा प्रश्न: चालवताना धरायचं कसं, आणि पडल्याच तर उचलायचं कसं? दुपारी मी एकटी असते.

देखभाल_अक्कलकोट रोड

हात धरून पुढून ओढत नेऊ नका. आजींच्या एका बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि तो पाठीमागे मुठीत धरा. दंड धरला तर पडताना खांदा निखळू शकतो, आणि ऑपरेशनची बाजू तर मुळीच ओढायची नाही. तोल गेलाच तर उभं धरून ठेवायची झटापट करू नका, दोघी पडाल. पट्ट्याने जवळ ओढा, आपला एक पाय पुढे काढा आणि त्या पायावरून सावकाश खाली बसवा.

खाली पडलेल्या असतील तर एक मिनिट तसंच राहू द्या. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, खुब्यात किंवा जांघेत कळ आली, किंवा पाठीच्या मणक्यात, तर हलवायचं नाही. पांघरूण घाला, १०८ ला फोन. डोकं आपटलं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर बोलत्या-चालत्या दिसल्या तरी त्याच दिवशी दवाखाना, डोक्याच्या स्कॅनचं विचारा.

सगळं ठीक असेल तर काखेत हात घालून उचलू नका. उजव्या कुशीवर वळवा, कोपरावर, मग हातांवर आणि गुडघ्यांवर येऊ द्या. समोर जड खुर्ची आणून ठेवा. दोन्ही तळहात बसकेवर, ज्या पायात जोर जास्त तो पुढे टेकवायचा, आणि त्यावर भार देऊन उठायचं. मागून दुसरी खुर्ची तुम्ही सरकवा, लगेच बसवा. तुम्ही फक्त कमरेचा पट्टा धरून दिशा द्यायची, वजन त्यांनीच उचलायचं. गुडघ्यावर टेकवत नसेल तर खाली चादर घाला. बसल्यावर बीपी आणि साखर दोन्ही घ्या, आणि कुठे, किती वाजता, काय करताना पडल्या ते वहीत लिहा. ती वही डॉक्टरांच्या भेटीला घेऊन जा.